पाचवं तोंड

बुद्धिबळाचा प्रेक्षक गप्प कसा बसवायचा, हे अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकट्या मला कळलं होतं! ही बढाई नव्हे. चौसष्ट सालच्या होळीआधीच्या रविवारी, सकाळी दहा वाजेपर्यंत ते अगदी खरं होतं. दहानंतरचंही सांगतो, पण आधी जरा टेकू द्या. नुसतं आठवलं तरी पाय दुखतात.

मी मारेगावच्या शाळेचा हेडमास्तर. नऊ वर्षं तिथंच. माझी बायको प्रभावती उमरखेडला मुलींच्या शाळेत शिकवते. मारेगाव जिल्ह्याच्या एका टोकाला, उमरखेड दुसऱ्या. मधे दोन एस.टी. गाड्या, त्यातली एक हमखास बंद पडणारी. महिन्यातून एकदा शनिवारी शाळा सुटली की निघायचं, रात्री घरी पोचायचं, सकाळी जेवायचं आणि परतीच्या गाडीला पळायचं! लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातला निम्मा संसार स्टँडवर झाला. बदलीचे अठरा अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. एकोणिसावा लिहायचा तर हातच उचलेना.

अशात एक दिवस जिल्ह्याच्या कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाचं पत्र आलं. "मोठ्या साहेबांना बुद्धिबळाचं वेड आहे. जिल्हा स्पर्धा भरवायला कोणी तयार नाही. तुम्ही अंगावर घ्या. शांततेत पार पडली तर तुमचा उमरखेडचा हुकूम साहेब सही करून खिशात घालूनच येतील आणि तिथंच हातात देतील. गडबड झाली तर मात्र कागद आला तसा परत जाईल."

कोणी तयार का नव्हतं, ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावी स्पर्धा भरली, तेव्हा प्रेक्षकांनी चौथ्या चालीला पट उलटला आणि सहाव्या चालीला सेक्रेटरीला! एक काळा वजीर विहिरीत पडला, तो अजून निघालेला नाही.

पण मी घाबरलो नाही. नऊ वर्षांच्या एकट्या संध्याकाळी मी काय करत होतो? कापसाच्या जिनिंगसमोरच्या ओट्यावर बुद्धिबळ बघत होतो. बुद्धिबळ म्हणजे, बुद्धिबळ बघणारे बघत होतो. खेळ दोघं खेळतात हा पुस्तकातला समज आहे. आमच्याकडे दोघं फक्त हात हलवतात. खेळतात ते मागचे! ज्याला घोडा कसा चालतो हेही ठाऊक नसतं तो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो. काल हरलेला मुद्दाम जिंकणाऱ्याच्या समोर येऊन बसतो, आज त्याचं तोंड पडलेलं बघायला. काहीजण पटाकडे बघतच नाहीत, खेळणाऱ्याच्या कपाळाकडे बघतात आणि घाम आला की खुश होतात. एक म्हातारे रोज यायचे, ते फक्त तंबाखू कोण काढतो तेवढं बघायचे.

आणि या सगळ्यांचा एक कायदा होता. एकदा ज्याच्या पाठीमागे टेकलात, त्याचे झालात. मधेच उठून पलीकडे जाणं म्हणजे जमलेली सोयरीक मोडणं. तुमच्या माणसानं चुकीची चाल केली, तर मागच्यांपैकी पाच तोंडांनी "परत!" म्हणायचं. पाच तोंडं भरली, आणि समोरच्यानं अजून जवाबी चाल केलेली नसली, की चाल परत! चार भरली तर नाही, आणि सहाव्याची गरज नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण वणी-मारेगावकडे तो कोर्टापेक्षा जास्त पाळतात.

तर माझी योजना अशी. खेळणारे सहावीच्या वर्गात, दारं-खिडक्या बंद. प्रेक्षक बाहेर मैदानात, निंबाखाली. तिथं शाळेचे दोन फळे एकमेकांना ठोकून केलेला मोठा पट, त्यावर खिळे, खिळ्यांना पुठ्ठ्याची मोहरी अडकवलेली. मोहरी आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी काढली होती. उंट बकरीसारखे झाले होते, पण चारही एकसारखे झाले होते, म्हणून चालवून घेतले. आत पंच मी. प्रत्येक चाल मी चिठ्ठीवर लिहायची, आमचा चपराशी रामधन ती बाहेर नेणार आणि पटावर मांडणार. दोऱ्या बांधून वणीवाल्यांची जागा वेगळी, मारेगाववाल्यांची वेगळी, बायांची वेगळी. आत शांतता, बाहेर ज्ञान! कोणाच्याच पाठीमागे कोणी नाही, मग भांडण होणार कशावरून?

आदल्या दिवशी संध्याकाळी प्रभावती आली. "बदलीचं पक्कं आहे, सामान बांधायला ये," असं मीच लिहिलं होतं तिला. आली तेव्हा मी ट्रंक भरून, वळकटी बांधून, भांड्यांचं पोतं शिवून तिची वाट बघत होतो.

"हुकूम हातात आला?" तिनं विचारलं.

"उद्या येईल."

"मग कढई आज कशाला बांधली? सकाळी पोहे कशात करू?"

नऊ वर्षांनी बायको माझ्या बिऱ्हाडी आली आणि सकाळी दोघांनी कोरडे चुरमुरे खाल्ले. पण मी खुश होतो. पुढच्या रविवारपासून गरम पोहे, रोजचेच!

रविवारी नऊपासून माणसं यायला लागली. वणीचे सत्तर-ऐंशी जण कोळशाच्या ट्रकमधून आले. ट्रक घाईत झाडलेला, त्यामुळे सगळ्यांच्या पाठी काळ्या, आणि ते आल्या आल्या माझ्या नव्यानं चुना मारलेल्या भिंतीला टेकले. मारेगावचे आणि आसपासच्या तांड्यांचे लोक कापसाच्या बैलगाड्यांतून उतरले, ते डोक्यापासून पायापर्यंत रुई चिकटलेले. मोहरी कमी पडली असती तर यांनाच उभं करता आलं असतं!

आधीच्या फेऱ्या गावोगावी उरकल्या होत्या, आज उरला होता शेवटचा डाव, खेमसिंग आणि बबनराव यांचा. खेमसिंग जवळच्या तांड्यातला शेतकरी. त्याला हा खेळ शिकवला त्याच्या आईनं, जमनाबाईनं. बैलांवर मीठ आणि धान्य लादून हे लोक मुलूखभर फिरायचे त्या काळात, मुक्कामाला गोणपाटावर कोळशानं पट आखून जमनाबाईच्या सासऱ्यानं तिला शिकवलं होतं. आता ती सत्तरीची, चांदीच्या बांगड्यांनी कोपरापर्यंत हात भरलेली, बायांच्या दोरीत सगळ्यात पुढं बसली होती. शेजारी प्रभावती. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मला काहीच काळजी नव्हती. बबनराव वणीच्या खाणीतले कारकून. ते पुस्तकं वाचून खेळायचे आणि चाल करायच्या आधी चष्मा पुसायचे.

बरोबर दहाला साहेब आले. उंच, अंगात कोट, चेहऱ्यावर सही करण्याची वीस वर्षांची सवय. त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली. सावली तेवढी वणीच्या बाजूला होती, म्हणून खुर्ची तिकडे ठेवली. ही माझी पहिली चूक, पण ती मला दुपारी समजली.

"प्रेक्षक फार आहेत, गुरुजी," साहेब म्हणाले. "आवाज होणार नाही ना?"

"टाचणी पडली तर ऐकू येईल, साहेब!"

साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला आणि मान हलवली. तिथला कागद मला कोटाच्या कापडातून दिसला! म्हणजे दिसला असं वाटलं.

मी आत गेलो. दार लावलं. फाल्गुनातलं ऊन, खिडक्या बंद, आणि वर्गात सहावीच्या पोरांनी सांडलेल्या शाईचा वास. खेमसिंग पटासमोर मांडी घालून बसला आणि मागं वळून बघायला लागला.

"गुरुजी, मांगं कोनीच नाही?"

"नाही. आंतरराष्ट्रीय पद्धत आहे."

"एक जन तरी बसवा ना जी. बोलनार नाही. नुसता खोकलला तरी मले पुरते."

"नाही म्हणजे नाही!"

"मागं कोनी नाही त मले वाटते मी वावरात एकटाच बोलून राह्यलो."

बबनरावांनी चष्मा पुसला. "खरं सांगू का गुरुजी, मलेबी कसंतरीच होऊन राह्यलं. पुस्तकात हे लिहिलं नोतं."

मी दोघांना दटावलं आणि डाव सुरू केला. पहिली चिठ्ठी, दुसरी चिठ्ठी. रामधन टोपी सावरत जायचा, यायचा. तिसावं वर्ष नोकरीचं, आजवर एक घंटा त्यानं वेळेवर दिली नव्हती, पण आज काय चपळ! सहाव्या चिठ्ठीला मात्र तो चाल बाहेर मांडून तसाच परत आला आणि दारात उभा राहिला.

"गुरुजी, पाच तोंडं भरली."

"कसली तोंडं?"

"खेमसिंगचा उंट परत घ्या म्हनून राह्यले. जमनाबाईनं सांगितलं, घोडा काढाचा होता."

माझं डोकं फिरलं. म्हणजे एवढ्या दोऱ्या, फळे, खिळे करून शेवटी तेच! "रामधन, नीट ऐक. बाहेरचं बाहेर ठेव! आत एक शब्द आणायचा नाही. आणि आतलं आत. समजलं?"

"समजलं जी."

तीस वर्षांत माझ्या आधीच्या चार हेडमास्तरांनी त्याला हजार हुकूम दिले असतील. त्यातला एकही त्यानं इतका पूर्ण पाळला नसेल!

त्यानंतर खरंच शांतता झाली. रामधन यायचा, चिठ्ठी घ्यायचा, मान डोलवून जायचा. एक शब्द नाही. मी मनातल्या मनात उमरखेडच्या घरात पोचलो, ओसरीवर आरामखुर्ची टाकली आणि कढई पोत्यातून काढली.

अर्ध्या तासानं बाहेरून "वाऽऽ!" असा गजर उठला. आत बबनराव चष्मा पुसत होते आणि खेमसिंग भिंतीवरचा भारताचा नकाशा बघत होता. कोणीच काही केलेलं नव्हतं.

"कशाबद्दल ओरडले, रे?" मी रामधनला विचारलं.

"खुश हाय जी लोकं."

"आणि साहेब?"

"साहेब त लयच खुश! उभे झाले."

मला भरून आलं. चाल झालेली नसली तरी नुसत्या विचारांना दाद देणारा प्रेक्षक! साहेब उभे राहून मान देताहेत! नऊ वर्षं ओट्यावर बसून केलेला अभ्यास फळाला आला होता. मी पुढच्या चिठ्ठीवर अक्षर जरा वळणदार काढलं.

मग गजर वाढत गेले. आत बारा चाली, बाहेर बहुधा चाळीस गजर. एकदा तर कोणीतरी हालगी वाजवली. रामधनची टोपी फुगत चालली होती, तेही मला दिसलं, पण मला वाटलं ऊन लागू नये म्हणून त्यानं आत कांदा ठेवला असेल. एकदा चिठ्ठी घेताना तो घुटमळला.

"गुरुजी, पांढऱ्याचा वजीर मेला असन, अन् चिठ्ठीत लिहिलं असन का वजीर दोन घरं गेला, त मंग काय करा लागते?"

"कोणाचा वजीर मेला? हे काय, समोर उभा आहे!"

"हो, हो," रामधन घाईनं म्हणाला, "आतला जित्ता हाय." आणि गेला.

मी दमलो होतो, हो. पाठीतून घाम वाहत होता. माणूस दमला की त्याला कोणतंही उत्तर बरोबर वाटतं. एकतिसावी चिठ्ठी दिली आणि माझ्या पेनातली शाई संपली. झटकलं, फुंकलं, जिभेला लावलं, काही उपयोग नाही. दौत घरी ट्रंकेत, कपड्यांच्या खाली बांधलेली. म्हटलं, शिसपेन शोधू. तेवढ्यात खेमसिंग "जरा हवा घेतो" म्हणून उठला आणि त्यानं खिडकीची एक फळी बोटभर उघडली.

त्यानं फटीला डोळा लावला. मग म्हणाला, "गुरुजी, मी बाहेर लय जोरात हाय!"

"म्हणजे?"

"मी त जितून राह्यलो जी! आत काहून मरून राह्यलो मंग?"

बबनराव उठले, त्यांनीही डोळा लावला. "अरे, हा मायाच डाव हाय का? माया वजीर कुठं गेला?" मग मी दोघांना बाजूला सारून बघितलं.

मोठ्या पटावर जे मांडलेलं होतं त्याचा आतल्या डावाशी तेवढाच संबंध होता, जेवढा मारेगावचा उमरखेडशी. जिल्हा एक, बाकी काही नाही! माझ्या दोऱ्यांतली एक कोणाच्या तरी बकरीच्या गळ्यात होती. वणीवाले पटाच्या एका बाजूला, मारेगाववाले दुसऱ्या, अगदी ओट्यावर बसतात तसे एकावर एक. मधे रामधन, हातात काठी, दोन्हीकडून पाच पाच तोंडं मोजतोय आणि मोहरी हलवतोय. आणि खुर्चीवर, म्हणजे खुर्चीवर उभे, कोट काढलेले, पाठीवर कोळशाचा काळा पंजा उमटलेले साहेब! दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होते, "परत! परत! हत्ती परत घ्या!"

माझी बदली तिथं खुर्चीच्या पाठीला उलटी लटकत होती!

मागं वळलो तर वर्ग रिकामा. खेळाडू दोघेही दार उघडून आपापल्या मागं बसायला गेले होते! मी धावलो. बबनराव वणीच्या बाजूला घुसायचा प्रयत्न करत होते.

"बस ना खाली! दिसत नाही!" काळ्या पाठीचा एकजण त्यांच्यावर खेकसला.

"अरे, मीच बबनराव हावो! मायाच डाव हाय हा!"

"असशीन. बस."

खेमसिंगला तेवढीही किंमत मिळाली नाही. त्यानं "प्यादं चालवा" म्हटलं, तर त्याच्या आईनं मागं न बघता हात वर केला. "चूप राय बेटा. तुले आतलं समजते, हे बाहेरचं हाय." आणि तो खरंच गप्प बसला, चेहऱ्यावर असा आनंद, जणू सकाळपासून पहिल्यांदा त्याला श्वास घेता येत होता.

डाव आता जमनाबाई आणि साहेब यांच्यात उरला होता. बाकीची तोंडं नुसती भरायला. आणि जमनाबाईच्या शेजारी, पदर कमरेला खोचून, सकाळी ओ की ठो न कळणारी माझी बायको गुडघ्यावर उभी होती! जमनाबाईनं "परत!" म्हटलं की ही "परत!" जमनाबाईनं "शह!" म्हटलं की ही "शह!" घशाच्या शिरा ताणून! अकरा वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. ऐकायला मी घरी असतोच कुठं!

साहेबांनी घोडा पुढं टाकायला सांगितला. रामधननं टाकला. जमनाबाई हसली.

"साहेब, ह्या चालीनं तुमचा घोडा बी जाते अन् राजा बी. विचार करून सांगत जा ना."

मी डोळे मिटले. आता साहेब कोट उचलणार आणि जाणार. पण साहेब खुर्चीवरून खाली उतरले, पटापर्यंत गेले, नीट बघितलं आणि वळले. त्यांचे डोळे चमकत होते.

"बाई, वीस वर्षांत मला 'तुमचं चुकलं' म्हणणारा एक माणूस भेटला नाही! कचेरीत सगळे 'बरोबर साहेब, बरोबर साहेब.' मी चूक करतोय की नाही, हेच मला कळेनासं झालं होतं. परत!"

पण मागं चारच तोंडं भरली. पाचवा बिडी पेटवत होता. जमनाबाईनं तेवढ्यात एक साधं प्यादं एक घर पुढं ढकलायला सांगितलं. मात! प्याद्यानं मात! आमच्याकडे याहून मोठा मान नाही. हालगी वाजली, रुई उडाली, बकरी दोरी तोडून पळाली. बबनराव पुढं येऊन खेमसिंगच्या गळ्यात पडले. "हरलो बावा. पन कसा हरलो ते समोर बसून पाहाले भेटलं, हे बरं झालं." आतल्या डावाचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. आजही कोणी विचारत नाही. एकतीस चिठ्ठ्या मात्र रामधननं टोपीतून काढून माझ्या हातात ठेवल्या. "आतलं आत ठेवलं जी," तो म्हणाला.

कप खेमसिंगच्या नावानं पुकारला आणि घेतला जमनाबाईनं. साहेबांनी तिला वाकून नमस्कार केला. मग त्यांनी कोट घातला, आणि मला जवळ बोलावलं. मी गेलो.

"गुरुजी, टाचणीचं काय म्हणत होता?"

मी बाहीवरची रुई झटकायला लागलो.

"टाचणी राहू द्या. आयुष्यात इतका आनंद मला कोणत्याही समारंभात झाला नाही!" साहेबांनी आतल्या खिशात हात घातला. कागद काढला. माझ्या हातात दिला! मी उघडला. उमरखेड! खाली सही, शिक्का, तारीख, सगळं! अक्षरं हलायला लागली, कारण माझे डोळे भरले होते. हे मी लपवत नाही. नऊ वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

"इथं पोच म्हणून सही करा, म्हणजे झालं," साहेब म्हणाले.

मी खिशातून पेन काढलं. टेकवलं. कोरडं! झटकलं. कोरडं! सगळी शाई त्या एकतीस चिठ्ठ्यांत गेली होती, ज्या बाहेर कोणी वाचल्याही नव्हत्या. "रामधन, दौत! पळ!" मी ओरडलो.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी विचारलं, "गुरुजी गेले त पुढल्या साली हे कोन भरवीन?"

मैदानात कुजबुज झाली. लोक वाईट नव्हते, हो. माझा संसार गावाला ठाऊक होता. बरेचजण जमिनीकडे बघायला लागले. पण जमनाबाई जमिनीकडे बघणाऱ्यातली नव्हती. तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं, पटावरची एक वाईट चाल बघावी तसं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "परत!"

खेमसिंग आईच्या मागंच उभा होता. आई म्हणते म्हणून "परत!" बबनरावही म्हणाले, "परत! पुढल्या साली मले बदला घ्याचा हाय!" चौथा रामधन. तो दौत आणायला निघाला होता, तो तसाच थांबला. "परत जी," तो हळूच म्हणाला, आणि टोपी काढली.

साहेब बोटं मोजत होते. नवीन शिकलेला माणूस नियम फार कडक पाळतो. "चार," ते म्हणाले. "चारच झाली."

चार म्हणजे काही नाही! कायदा म्हणजे कायदा! मी कागदाची घडी घालायला लागलो.

आणि बायांच्या दोरीतून, दिवसभर ओरडून बसलेल्या घशातून, पण अगदी मनापासून, पाचवा आवाज आला, "परत!"

सगळं मैदान तिकडे वळलं. मीही वळलो. प्रभावतीनं तोंडावर हात ठेवला होता. पण तोंडातून निघालेलं काय, आणि पटावरचं काय, हात ठेवून परत येत नाही.

"गुरुजी," साहेब माझ्या कोरड्या पेनाकडे बघत हळुवारपणे म्हणाले, "जवाबी चाल झाली का? पोच दिली?"

"नाही, साहेब."

"मग चाल परत!" त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवला. "पुढच्या वर्षी इथंच. तुमच्याशिवाय हे दुसऱ्याला जमायचं नाही."

टाळ्या एवढ्या वाजल्या की चुन्याच्या भिंतीवरची काळी पावडरही झडली असेल.

संध्याकाळी मी तिला वणीच्या स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी अर्थातच उशिरा. दोघं ट्रंकेशिवाय, वळकटीशिवाय, बाकावर बसलो होतो.

"मी ओरडले का हो?" तिनं विचारलं. आवाज पार बसला होता.

"हो."

"सवयीनं निघालं. दिवसभर त्यांच्या मागं बसले होते ना. त्या म्हणाल्या की मी म्हणायची."

"हो. कायदाच आहे तसा."

"तुम्ही रागावलात?"

मी खरंच रागवायला दमलो होतो. शिवाय ज्याला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तो मीच होतो. एकदा ज्याच्या पाठीमागे टेकलं, त्याचं झालं. हे मी नऊ वर्षं बघत होतो, आणि बायकोला नेमकं जमनाबाईच्या मागं मीच बसवलं होतं.

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि मान बाहेर काढून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कढई सोडा पोत्यातली. उद्या उपाशी राहाल."

एकोणिसावा अर्ज मी त्याच आठवड्यात केला. त्यात स्पर्धेचा उल्लेख मुद्दाम टाळला. पुढच्या वर्षी स्पर्धा मारेगावलाच झाली, पंच मीच होतो, आणि या वेळी दोन पेनं भरून ठेवली होती. प्रभावतीही आली. माझ्यासाठी चार दिवसांची रजा दहा वर्षांत तिला कधी मिळाली नव्हती, ती या वेळी मिळाली, आणि दोन दिवस आधीच आली. मला फार बरं वाटलं. मग कळलं, उशीर झाला की जमनाबाईच्या शेजारची जागा जाते.